पोर शाळेत येईना, तर शाळाच अंगणात नेली : ताराबाई मोडकांची गोष्ट

अहिल्यानगर जिल्ह्यातलं कुठलंही गाव घ्या. अकोल्याच्या डोंगरातली एखादी ठाकरवाडी असो, नाहीतर पाथर्डीकडचं कोरडवाहू गाव. तिथं एक अंगणवाडी हमखास सापडते. एक खोली, भिंतीवर रंगवलेला हत्ती, कोपऱ्यात खिचडीचं पातेलं आणि जमिनीवर गोल करून बसलेली तीन ते सहा वर्षांची पोरं. मधोमध चिंचोक्यांचा ढीग. कुणी काळे चिंचोके वेगळे काढतंय, कुणी फोडून पांढरे झालेले. कुणी पाच-पाचच्या ढिगाऱ्या लावतंय.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ताई पोरांना नुसतं खेळवत बसल्यात. शिकवणं कधी सुरू होणार?

खरं तर शिकवणं कधीच सुरू झालेलं असतं. चिंचोके निवडणाऱ्या पोराची नजर तयार होत असते, बोटं तयार होत असतात. पाच-पाचच्या ढिगाऱ्या लावता लावता पाचचा पाढा त्याच्या हाताला ओळखीचा होत असतो. तो तोंडाला यायला मग वेळ लागत नाही.

लहान मुलाचा खेळ हेच त्याचं शिक्षण, ही गोष्ट आज शाळेच्या जाहिरातीतही वाचायला मिळते. पण हा खेळ फी भरणाऱ्यांच्या शाळेतून बाहेर काढून गरिबाच्या अंगणात मांडला तो एका मराठी बाईने. अंगणवाडी हा शब्दही तिच्याच कामातून आला.

त्यांचं नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 चा. वडील सदाशिवराव केळकर, आई उमाबाई. घर प्रार्थना समाजाचं, म्हणजे सुधारकांचं. मुलींना शिकवायचं की नाही, यावर आजूबाजूला वाद सुरू असताना केळकरांच्या घरात तो प्रश्नच नव्हता. ताराबाई शिकत गेल्या आणि 1914 साली मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या काळात पदवीधर मराठी स्त्रिया मोजक्याच होत्या.

पुढच्याच वर्षी लग्न झालं. पती कृष्णराव मोडक अमरावतीला वकिली करायचे. नावाजलेलं घर, शिकलेलं जोडपं. बाहेरून सगळं छान होतं, पण संसार टिकला नाही. 1921 साली दोघं कायद्याने वेगळे झाले.

घटस्फोट म्हटला की आजही चार लोक कुजबुजतात. तेव्हा तर शंभर वर्षांपूर्वीचा काळ. पदरात लहान मुलगी, प्रभा. ताराबाईंनी माहेरी जाऊन बसण्याऐवजी नोकरी धरली. काठेवाडातल्या राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज होतं. शिक्षिका तयार करणाऱ्या या कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. त्या खुर्चीवर बसलेल्या त्या पहिल्या भारतीय बाई.

पगार होता, मान होता, बंगला होता. माणूस इथं स्थिरावतो. ताराबाईंच्या डोक्यात मात्र वेगळंच चक्र सुरू झालं. शिक्षिका तयार करायच्या, पण त्या शाळेत जाऊन करणार काय? धूळपाटी, पाठांतर आणि छडी. पोरं शाळेला घाबरतात, हे सगळ्यांना दिसत होतं. त्यात काही चूक आहे, असं मात्र फार थोड्यांना वाटत होतं. आणि उद्या प्रभालाही अशाच शाळेत घालायचं?

राजकोटहून भावनगर फार लांब नाही. तिथल्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका नावाच्या माणसाने 1920 साली बालमंदिर सुरू केलं होतं. हे गिजुभाई आधी वकील होते. स्वतःचा मुलगा शाळेच्या वयाचा झाला, तेव्हा शाळा कशी असावी याचा शोध घेता घेता त्यांच्या हाती इटलीच्या मारिया माँटेसरींचे विचार लागले. वकिली सुटली आणि ते मुलांचेच होऊन गेले. लोक त्यांना मिशीवाली आई म्हणायचे.

1923 साली ताराबाईंनी प्राचार्यपद सोडलं आणि मुलीला घेऊन भावनगर गाठलं. कॉलेजच्या प्रमुख असलेल्या बाई आता जमिनीवर बसून अडीच-तीन वर्षांच्या पोरांची नाकं पुसू लागल्या. नातेवाइकांना हा वेडेपणा वाटला असेल तर नवल नाही.

भावनगरच्या बालमंदिरात नेमकं काय चालायचं, हे समजून घ्यायला हवं. ताराबाईंच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ तिथं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तिथं शिक्षा नव्हती आणि बक्षीसही नव्हतं. शिक्षा नको, हे पटकन पटतं. बक्षीस का नको? तर बक्षिसासाठी काम करणारं मूल बक्षीस थांबलं की काम थांबवतं. चिकणमातीचा बैल करण्यातली मजा हीच त्या मुलाची कमाई. त्यावर चॉकलेट ठेवलं की त्याचं लक्ष बैलावरून चॉकलेटवर जातं.

दुसरी गोष्ट, मूल काय करणार हे मूलच ठरवायचं. एकजण पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओततोय, दुसरी बटणं लावतेय-काढतेय, तिसरा खडबडीत अक्षरावरून बोट फिरवतोय. मोठ्या माणसाला हे रिकामटेकडेपण वाटतं. पण न सांडता पाणी ओतायला मनगट स्थिर लागतं आणि बटण लावायला अंगठा आणि दोन बोटं लागतात. उद्या पेन्सिल धरायला हीच बोटं लागणार असतात. अक्षरावरून बोट फिरवणाऱ्याला वळण आधी हाताला कळतं, मग डोळ्याला. म्हणजे लिहिण्याची तयारी पाटी हातात येण्याआधीच झालेली असते.

तिसरी गोष्ट म्हणजे शांततेचा खेळ. हा खेळ आजही कुठल्याही वर्गात फुकटात खेळता येतो. दारं-खिडक्या अर्ध्या लोटायच्या. मुलांनी डोळे मिटायचे, हात-पाय हलवायचे नाहीत. आणि ऐकायचं. आधी काहीच ऐकू येत नाही. मग लांबच्या गाडीची खडखड येते, पाखरू येतं, शेजारच्याचा श्वास येतो. शेवटी बाई दारापलीकडून एकेका मुलाचं नाव अगदी हळू घेतात. ज्याचं नाव येईल त्याने पावलांचा आवाज न करता उठून बाहेर यायचं. ओरडून गप्प न बसणारी पोरं या खेळात श्वास रोखून बसतात. कारण इथं गप्प बसणं ही शिक्षा नसते. आपलं नाव हुकू नये, म्हणून ती कान देऊन बसलेली असतात.

यात गिजुभाई-ताराबाईंनी आपल्या मातीतली भर घातली. गोष्टी, गाणी, नाटुकली, गरबा, सण. 1926 साली दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. शिक्षणपत्रिका हे मासिक आधी गुजरातीत निघालं, पुढे ताराबाईंनी ते मराठीत आणलं. मुलांना मारू नका, भुताची भीती घालू नका, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्या, हे आईबापांना सांगणारा मजकूर तेव्हा नवा होता. मुलांच्या गोष्टींची छोटी पुस्तकंही दोघांनी मिळून ढिगाने काढली.

जवळपास नऊ वर्षं भावनगरला काढून ताराबाई 1932 साली तिथून निघाल्या. आता हे काम मराठी मुलखात करायचं होतं. 1936 साली मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झालं. सोबत बालशिक्षिका तयार करणारं अध्यापन मंदिरही.

शिशुविहार चाललं. मध्यमवर्गीय आईबापांना ही शाळा आवडली. मुलं सकाळी रडत नव्हती, उलट सुट्टीच्या दिवशी शाळेत जायचा हट्ट धरत होती. शिक्षिकांच्या तुकड्या बाहेर पडत होत्या. 1939 साली खुद्द माँटेसरीबाई भारतात आल्या आणि महायुद्धामुळे इथेच अडकल्या, तेव्हा त्यांच्या पद्धतीचा गवगवा आणखी वाढला.

आणि नेमकं इथंच ताराबाईंना खटकू लागलं.

माँटेसरी पद्धतीची खेळणी ठरावीक मापाची असतात. गुळगुळीत लाकडी ठोकळे, दंडगोल, रंगाच्या पट्ट्या, आवाजाच्या डब्या. ती बनवून घ्यायला पैसा लागतो. शिवाय स्वच्छ खोल्या, छोट्या खुर्च्या, शिकलेल्या शिक्षिका. या सगळ्याचा खर्च फीमधूनच निघणार. म्हणजे फी भरू शकणाऱ्याचंच पोर खेळणार.

गंमत बघा. माँटेसरींनी 1907 साली रोममध्ये आपलं पहिलं बालगृह काढलं ते सॅन लोरेंझो या मजुरांच्या गरीब वस्तीत. दिवसभर आईबाप कामाला आणि पोरं जिन्यावर उंडारतायत, अशा मुलांसाठी. तीस वर्षांत तीच पद्धत जगभर पैसेवाल्यांच्या शाळांची ओळख होऊन बसली. गांधीजींचं म्हणणं नेमकं यावरच होतं. पद्धत चांगली आहे, पण ती खेड्यातल्या गरीब मुलाला परवडली पाहिजे.

ताराबाईंनी हे मनावर घेतलं. दादरमध्ये नाव झालेलं, संस्था उभी राहिलेली, वय त्रेपन्न. 1945 साली त्या मुंबई सोडून डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या आणि तिथं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्यांच्यासोबत होत्या पस्तिशीतल्या अनुताई वाघ. बालपणीच वैधव्य आलेल्या, नंतर शिकून पुण्यात शिक्षिका झालेल्या अनुताई त्यांना एका शिबिरात भेटल्या होत्या. ही जोडी मग शेवटपर्यंत फुटली नाही.

बोर्डी समुद्रकाठचं गाव. आजूबाजूला वारल्यांचे पाडे. तो काळही साधा नव्हता. याच 1945 साली याच भागात गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. ज्या घरातली मोठी माणसं जमीनदाराकडे फुकट राबत होती, त्या घरातल्या पोरांसाठी बालवाडी काढायची होती.

बालवाडी निघाली. पोरं आली नाहीत.

दादरमध्ये मुलं शाळेत का येतात, हा प्रश्न कधी पडला नव्हता. इथं तोच पहिला प्रश्न झाला. उत्तर शोधायला दोघी वस्तीत गेल्या, तेव्हा कळलं की पोरं रिकामी नाहीतच. चार वर्षांची पोर घरात धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसलीय. सहा वर्षांचा पोरगा गुरांमागे गेलाय. आई कामावर गेली की घर सांभाळणारं माणूस म्हणजे हेच मूल. त्यात अंगावर धड कपडा नाही, म्हणून गावातल्या शाळेत जायला लाज. आणि जात आडवी येते ती वेगळीच.

अशा वेळी शाळावाले सहसा म्हणतात, या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. ताराबाईंनी दोष मुलावर किंवा आईबापावर टाकला नाही. शाळा चुकीच्या जागी आहे, असं त्यांनी ठरवलं. मग त्यांनी शाळा उचलली आणि वस्तीतल्या घरांपुढच्या अंगणात नेऊन भरवली.

हीच ती अंगणवाडी.

अंगणात शाळा भरली की सगळंच सोपं होतं. ताई आलेल्या दिसल्या की पोरं आपोआप गोळा होतात. धाकटं भावंडं मांडीवर घेऊनच खेळता येतं. आजी उंबऱ्यावर बसून बघते, त्यामुळे आत काय चाललंय याची धास्ती राहत नाही. सुरुवात अंघोळ, नखं आणि केस विंचरण्यापासून व्हायची. तोही एक कार्यक्रमच. मग गाणी, गोष्टी, खेळ.

आणि खेळणी? ती तर आजूबाजूला पडलेलीच होती. किनाऱ्यावर शंख-शिंपले, झाडाखाली बिया आणि पानं, ओढ्यात गोटे, रानात बांबू, पायाखाली माती. लहान-मोठं समजायला शिंपले एका ओळीत लावायचे. हलकं-जड समजायला एका हातात गोटा आणि दुसऱ्या हातात वाळकी शेंग घ्यायची. आवाज ओळखायला बांबूच्या नळीत खडे भरून वाजवायचे. आकार शिकायला पानं जमवायची आणि सारख्याला सारखं जुळवायचं. मोजायला बिया, लिहायला वाळू.

माँटेसरीच्या पेटीतला तोच खेळ, तेच तत्त्व. फक्त पेटी गेली आणि तिची किंमतही गेली. उलट एक फायदा झाला. विकतचा ठोकळा तुटेल म्हणून बाई मुलावर डोळा ठेवून असते. शिंपला फुटला तर किनाऱ्यावर हजार पडलेत. शिवाय शाळेत खेळलेला खेळ मूल घरी गेल्यावर एकटंही खेळू शकत होतं, कारण सामान घराबाहेरच होतं.

1957 साली काम बोर्डीहून जवळच्या कोसबादला गेलं. आता मुलं जवळपास सगळी आदिवासी. इथं ताराबाई आणि अनुताईंनी विकासवाडी उभी केली. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. कल्पना साधी होती. मोठ्या बहिणीला शाळेत बसवायचं, तर तिच्या कडेवरच्या बाळाची सोय आधी लावा. बाळ पाळण्यात, मधलं बालवाडीत, मोठी वर्गात. तिघंही एकमेकांच्या नजरेत. एका पोरीची गैरहजेरी थांबवायला तिला दरडावण्याऐवजी तिच्या कडेवरचं ओझं उतरवलं.

तरीही गुराख्यांची पोरं राहिलीच. ती सकाळी गुरं घेऊन जायची ती संध्याकाळीच परतायची. मग शाळा त्यांच्यामागे माळावर गेली. तिला नाव पडलं कुरणशाळा. गुरं चरतायत, पोरांचं एक लक्ष गुरांकडे, आणि झाडाखाली शिकणं सुरू. गुरं मोजणं हेच गणित. कुठलं झाड, कुठलं पाखरू, पाण्याचा ओढा कुठून येतो, हेच विज्ञान. यातली निम्मी माहिती शिक्षकापेक्षा पोरांनाच जास्त असायची. त्यामुळे वर्गात कधी नव्हे ती पोरं सांगायची आणि शिक्षक ऐकायचे.

वर्गात मुलांचं लक्ष कसं टिकवायचं, हा आजच्या प्रत्येक शिक्षकाचा प्रश्न आहे. त्यासाठी नवनवे खेळ शोधले जातात. ताराबाईंच्या कामातून दिसतं की खेळ निवडणं ही नंतरची पायरी आहे. त्याआधी ते मूल कुठं आहे, त्याच्या कडेवर काय आहे आणि त्याला आधीपासून काय येतं, हे बघावं लागतं. ते बघितलं की खेळ तिथंच सापडतो.

1962 साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिलं. त्या तेव्हाही कोसबादच्या टेकडीवरच होत्या. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचं निधन झालं. पुढची जवळपास वीस वर्षं, 1992 साली जाईपर्यंत, अनुताईंनी ते काम सांभाळलं. त्यांनाही पद्मश्री मिळाली.

ताराबाई गेल्यावर दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. सुरुवात 33 प्रकल्पांनी झाली. केंद्रांना नाव दिलं अंगणवाडी. बोर्डीच्या वस्तीतला शब्द देशाच्या कागदपत्रांवर चढला आणि आज तो कुठल्याही भाषेच्या राज्यात कळतो. ताराबाईंना ते बघायला मिळालं नाही.

नाव देशभर गेलं, पण नावामागचं सगळंच पोचलं का? आजच्या अंगणवाडी ताईच्या वाट्याला पोषण आहार, वजन-उंची, लसीकरणाच्या नोंदी, गरोदर मातांच्या भेटी आणि मोबाइलमध्ये भरायची माहिती, एवढं सगळं येतं. हे सगळं गरजेचंच आहे. फक्त त्या गर्दीत दिवसातला खेळाचा तास सगळ्यात आधी कापला जातो. गावात इंग्रजी माध्यमाची नर्सरी निघाली की आईबापही विचारतात, अंगणवाडीत नुसतं खेळवतात, तिथं पाठवून काय होणार? तीन वर्षांचं पोर मग वहीत ए-बी-सी-डी गिरवायला बसतं. ताराबाई ज्या पाठांतराच्या शाळेपासून पळाल्या, ती शंभर वर्षांनी टाय लावून परत आलीय.

दुसरीकडे धोरणं मात्र फिरून तिथंच येतायत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांनी खेळातून शिकावं असं म्हटलं. 2023 साली त्यासाठी जादुई पिटारा नावाची खेळण्यांची पेटीही आली. पेटी चांगलीच आहे. पण ती पोचेपर्यंत थांबायची गरज नाही. चिंचोके, बिट्ट्या, कणसाची बुरकुंडं, बाटलीची झाकणं गावागावात पडलेलीच आहेत.

आणि पुन्हा एकदा अहिल्यानगर. दिवाळी झाली की पाथर्डी-शेवगाव पट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी आणि पोरं. गावातल्या अंगणवाडीच्या हजेरीपटावर नाव असतं, पण पोर असतं कुठल्या तरी कारखान्याच्या तळावर, कोपीसमोर. पहाटे आईबाप फडात गेले की सहा वर्षांची बहीण दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेते. बोर्डीत 1945 साली ताराबाईंना दिसलं ते हेच चित्र.

या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. काही चालल्या, काही बंद पडल्या. जिथं त्या तळावरच भरल्या आणि धाकट्या भावंडालाही सोबत घेतलं, तिथं पोरं बसली. कोपीसमोर चार हात मोकळी जागा असतेच. उसाच्या कांड्या लहान-मोठ्या लावायला मिळतात, पाचट विणायला मिळतं. खेळायचं सामान तिथं आधीपासून आहे, पोरंही आहेत. फक्त कुणीतरी तिथवर जाऊन त्यांच्यासोबत जमिनीवर बसायला हवं.